न्यू यॉर्क सिटी एफसी: क्लब की मँचेस्टरची शाखा?

डावखुरा

क्वीन्समध्ये विलेट्स पॉइंटला न्यू यॉर्क सिटी एफसी या फुटबॉल क्लबचं हक्काचं मैदान उभं राहतंय. २५,००० खुर्च्या, ७८ कोटी डॉलर खर्च, २०२७ मध्ये उघडणार. नाव ठरलंय एतिहाद पार्क. इंग्लंडच्या मँचेस्टर सिटी क्लबच्या मैदानाचं नाव एतिहाद स्टेडियम. जर्सीचा आकाशी रंग तिकडचा, नावातलं ‘सिटी’ तिकडचं, छातीवरची एतिहाद विमान कंपनी तिकडची, आता घरावरची पाटीही तिकडचीच. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यावरून जुंपली, पण तिथे कुणी कुणाचं वाक्य पूर्ण होऊ देईना. म्हणून इथे धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मे २०१३ मध्ये मँचेस्टर सिटीने बेसबॉलच्या यँकीज संघाला २० टक्क्यांचा भागीदार करून एमएलएस या अमेरिकी लीगमधली विसावी जागा १० कोटी डॉलरला विकत घेतली. तेव्हा खेळाडू नव्हते, प्रशिक्षक नव्हता, मैदान तर नव्हतंच. २०१५ पासून संघ खेळतोय.

पैसा बाहेरचा आला याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती निर्णय कुणाच्या सोयीने होतात याबद्दल. इंग्लंडचा मिडफिल्डर फ्रँक लॅम्पार्ड आठवा. जुलै २०१४ मध्ये चेल्सी सोडल्यावर त्याला न्यू यॉर्कचा खेळाडू म्हणून वाजतगाजत मिरवलं. लोकांनी त्याच्याकडे बघून सीझन तिकिटं काढली. एमएलएस सुरू होणार मार्चमध्ये, तोवर तो मँचेस्टरला ‘उसना’ गेला. २१ सप्टेंबरला त्याने चेल्सीविरुद्धच बरोबरीचा गोल मारला आणि मँचेस्टरला तो सोडवेना. ३१ डिसेंबरला कळलं की साहेब मोसम संपेपर्यंत इंग्लंडातच. मग हळूच बाहेर आलं की न्यू यॉर्कशी त्याचा करार झालेलाच नव्हता, खरा करार मँचेस्टरशी होता. थोरल्याकडे पाहुणे आले की धाकट्याच्या घरची गादी उचलून न्यायची, तसला प्रकार. तो न्यू यॉर्ककडून पहिल्यांदा खेळला १ ऑगस्ट २०१५ ला. एमएलएसचा अर्ध्याहून जास्त मोसम तोवर उलटून गेला होता.

माझं मत: हा क्लब नाही, शाखा आहे. खोडून काढा.

हिशेबनीस

खोडतो. लॅम्पार्डचं प्रकरण लाजिरवाणं होतं, मान्य. पण दहा वर्षांहून जुनं उदाहरण घेऊन आजचा निकाल लावायचा?

११ डिसेंबर २०२१, पोर्टलंड. एमएलएस कपची अंतिम लढत, १-१, पेनल्टीवर ४-२. विजेते न्यू यॉर्क सिटी. सातव्याच मोसमात. न्यू यॉर्क रेड बुल्स १९९६ पासून, म्हणजे लीगच्या पहिल्या दिवसापासून आहेत, २०२१ च्या त्या लढतीपर्यंत त्यांच्याकडे हा कप नव्हता. शाखेला कप मिळाला, मूळ रहिवाशाला नाही, याचं काय करायचं?

आणि ७८ कोटींचं मैदान खासगी पैशातून होतंय. अमेरिकेत संघमालक शहराला वेठीला धरून करदात्यांच्या पैशात मैदानं बांधून घेतात, ही तिथली रीत आहे. त्या मानाने ही शाखा बरीच सभ्य म्हणायची.

हडसनपार

न्यू जर्सीतल्या एडिसनहून लिहितोय, रेड बुल्सवाला. नेवार्कला गाडी बदलून हॅरिसनला उतरलं की आमचं मैदान चालत गाठता येतं. कपावरून बोलायचं असेल तर २१ मे २०१६ चा निकालही लिहा की हिशेबनीस. यँकी स्टेडियमवर, त्यांच्याच घरात, ०-७. तुमच्या त्या १० कोटींच्या घोषणेला बरोबर तीन वर्षं झाली होती. वाढदिवस जोरात झाला.

क्वीन्सवाला

@हडसनपार: तुमचा संघ तर पेयाच्या डब्याच्या नावाने ओळखला जातो राव. आधी मेट्रोस्टार्स होता, २००६ मध्ये कंपनीने घेतला आणि नाव, रंग, चिन्ह, सगळं पुसलं. शाखा कुणाची यावर तुम्ही न बोललेलं बरं.

@डावखुरा: तुम्ही पाटीवरून बोलताय, मी तिथे बसून बघितलेलं सांगतो. यँकी स्टेडियमवर फुटबॉल बघणं म्हणजे काय हे टीव्हीवर कळत नाही. मैदान ११० बाय ७० यार्ड, लीगमधलं सगळ्यात लहान. बेसबॉलच्या लाल मातीवर गवताचे पट्टे अंथरतात. वरच्या मजल्यावरून बघितलं की नव्या-जुन्या हिरव्याची शिवण स्पष्ट दिसते आणि चेंडू तिथे पोचला की त्याची उसळी बदलते. खुर्च्या बेसबॉलच्या होम प्लेटकडे तोंड करून लावलेल्या. फुटबॉलसाठी नव्वद मिनिटं मान तिरपी. यँकीजचा सामना असला की आमचा सामना सिटी फील्डवर, तेही बेसबॉलचंच मैदान. तेही नसेल तर कधी हडसनपारच्या हॅरिसनमध्ये, शत्रूच्या घरी. २०२२ मध्ये कॉन्ककॅफ चॅम्पियन्स लीगचा (उत्तर आणि मध्य अमेरिकेतल्या क्लबांची स्पर्धा) एक ‘घरचा’ सामना लॉस एंजेलिसला झाला. लॉस एंजेलिस! पाच-सहा तासांचं विमान.

अशा अवस्थेत जी माणसं टिकली, ढोल घेऊन येत राहिली, त्यांना शाखेचे ग्राहक म्हणणं जरा जड जातं. विलेट्स पॉइंटला आधी मोटारदुरुस्तीची गॅरेजं होती, पाऊस पडला की गुडघाभर पाणी, कारण गटारंच नव्हती. आता मैदानाबरोबर २,५०० परवडणारी घरं आणि शाळा होतेय. गॅरेजवाल्यांना उठवलं गेलं तेही खरंच, त्यावर वेगळा धागा होईल. पण मैदानावर एतिहाद लिहिलं की फोर्ड लिहिलं, यापेक्षा मला ७ नंबरच्या ट्रेनने जाता येणार याचं महत्त्व जास्त.

डावखुरा

प्रेक्षक खरे आहेत, हे मी कुठे नाकारलं? प्रेक्षक खरे आहेत म्हणूनच प्रश्न आहे.

हिशेबनीस म्हणतात लॅम्पार्ड जुना झाला. ताजं घ्या. टाटी कास्तेयानोस. अर्जेंटिनाचा पोरगा, आला मोंटेव्हिडिओच्या तोर्केकडून. तो क्लबही याच सिटी ग्रुपचा, म्हणजे मँचेस्टर सिटीच्या मालक कंपनीचा. २०२१ मध्ये १९ गोल मारून एमएलएसचा गोल्डन बूट घेतला, कप जिंकून दिला. २०२२ च्या जुलैत, मोसम ऐन रंगात, संघ गतविजेता, १३ गोल खिशात, आणि त्याला उचलून पाठवलं कुठे? जिरोनाला. स्पेनमधला क्लब, पुन्हा त्याच ग्रुपचा. विकला नाही, उसना दिला! गतविजेत्या संघाचा पहिला स्ट्रायकर मोसमाच्या मध्यावर उसना देणारा स्वतंत्र क्लब मला दाखवा.

हिशेबनीस

अर्धीच गोष्ट सांगता. जिरोनाला गेल्यावर एप्रिल २०२३ मध्ये त्याने एका सामन्यात रेआल माद्रिदला चार गोल ठोकले. मग इटलीच्या लाझिओने त्याला विकत घेतलं, पुढे अर्जेंटिनाच्या राष्ट्रीय संघात गेला. सुटा एमएलएस क्लब असता तर चोविशीच्या आत त्याला स्पेनमध्ये नियमित खेळायचं दार कुणी उघडलं असतं? खेळाडूंना हा रस्ता दिसतो म्हणूनच ते न्यू यॉर्कला यायला तयार होतात. आणि तो गेल्यावरही संघ त्या वर्षी पूर्व विभागाच्या अंतिम फेरीपर्यंत पोचला होता, तेही विसरू नका.

डावखुरा

पोचला आणि फिलाडेल्फियाकडून ३-१ हरला. स्ट्रायकर असता तर?

रस्ता म्हणाल तर जॅक हॅरिसन घ्या. २०१८ मध्ये न्यू यॉर्कहून मँचेस्टर सिटीने विकत घेतला. मँचेस्टर सिटीसाठी सामने किती खेळला? शून्य. मिडल्सब्रोला उसना, लीड्सला उसना, मग लीड्सला विक्री.

वाचकमात्र

लीड्समध्ये त्याने प्रीमियर लीग गाजवली हो. एवढं वाईट झालं असतं आपलं, तर चाललं असतं.

पाऊस आणि फुटबॉल

दोघेही एकच गोष्ट सोडताय. एमएलएसमध्ये स्वतंत्र क्लब असा प्रकारच नाही. खेळाडूंचे करार लीगशी होतात, मालक म्हणजे लीगचे भागधारक, त्यांना एकेक संघ चालवायला मिळतो. पगाराला मर्यादा, आणि तळाला गेलात तरी खालच्या श्रेणीत ढकलत नाहीत. मँचेस्टरने न्यू यॉर्कला ‘क्लब’ काढला असं आपण म्हणतो, प्रत्यक्षात त्यांनी एका बंद कंपनीत जागा घेतली. तेव्हा डावखुरे, तुमची सगळी टीका खरं तर तिथल्या रचनेवर आहे, मँचेस्टरवर नाही.

इंग्लिश क्लबांनी अमेरिकेत पाय टाकायचा हा पहिला प्रयत्नही नव्हता. क्रिस्टल पॅलेसने २००६ मध्ये बाल्टिमोरला क्लब जाहीर केला, क्रिस्टल पॅलेस बाल्टिमोर. २००७ पासून तिसऱ्या पातळीवर खेळले. पैसा बेताचा, गर्दी बेताची. तरी २००८ च्या यूएस ओपन कपमध्ये रेड बुल्सना हरवून (हडसनपार, माफी असावी) उपांत्यपूर्व फेरीत गेले. जानेवारी २०१० मध्ये लंडनचा मूळ क्लब दिवाळखोरीत निघून प्रशासकाच्या ताब्यात गेला आणि त्याच वर्षीचा मोसम संपल्यावर बाल्टिमोरचं दुकान बंद. थोरल्याचा खिसा भरलेला असणं ही धाकट्याची चैन नसते, गरज असते.

हडसनपार

माफ केलं. २००८ बद्दल आमच्या घरात बोलत नाहीत.

अंधेरी_पश्चिम

एवढा वेळ वाचत होतो, पण बाल्टिमोरच्या गोष्टीवर राहवलं नाही. दुकान बंद व्हायला थोरला कंगालच व्हावा लागतो असं नाही. आमचं उदाहरण घ्या.

नोव्हेंबर २०१९ मध्ये याच सिटी ग्रुपने मुंबई सिटी एफसीचा ६५ टक्के हिस्सा घेतला. अंधेरीच्या मैदानावर येणारे आम्ही हुरळून गेलो होतो, खोटं कशाला बोलू. आणि फळही मिळालं. २०२०-२१ ला गोव्यातल्या बायो-बबलमध्ये इंडियन सुपर लीगची शिल्ड (गुणतक्त्यात पहिलं आल्याची) आणि कप दोन्ही. फातोर्ड्याला अंतिम सामन्यात मोहन बागानविरुद्ध बिपिन सिंगचा ९० व्या मिनिटाचा गोल. प्रेक्षकांविना मैदान, आम्ही घरात ओरडतोय आणि खालचे काका बेल वाजवतायत. २०२२ मध्ये आशियाई क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या क्लबला हरवलं, त्या स्पर्धेत सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब. प्रशिक्षक डेस बकिंगहॅम ग्रुपच्याच मेलबर्न सिटीतून आलेले. म्हणजे हिशेबनीस सांगतात तो रस्ता खरा आहे, आम्ही त्यावरून चाललोय.

पण २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगच्या व्यावसायिक हक्कांचा करार संपत आला, मोसम लटकला, आणि डिसेंबरात ग्रुपने हिस्सा सोडून दिला. क्लब जुन्या मालकांकडे परत. सहा वर्षं, दोन कप, दोन शिल्ड, रामराम.

थोरल्याकडे पैसे नव्हते का? होते. तरी गेला. कारण इथे दारात कुलूप नव्हतं. न्यू यॉर्कमध्ये ते टिकून आहेत ते तिथल्या लोकांवर जास्त माया आहे म्हणून नाही. २००७ मध्ये एमएलएसमध्ये उतरलेल्या टोरंटोने जागा १ कोटी डॉलरला घेतली होती. न्यू यॉर्कने १० कोटींना. सॅन डिएगोने २०२३ मध्ये ५० कोटींना. लीग बंद आहे, जागा मोजक्या आहेत, म्हणून नुसती जागा धरून बसलं तरी भाव चढतो. पाऊस आणि फुटबॉल ज्या रचनेला दोष देतात, त्या रचनेनेच न्यू यॉर्कचा क्लब वाचवलाय.

क्वीन्सवाला

हे टोचलं. पण खरं आहे. ७८ कोटींचं मैदान बांधून कुणी बॅगा भरत नाही, एवढीच आमची खात्री.

हिशेबनीस

@अंधेरी_पश्चिम: तुमचं दुःख समजतो, पण निष्कर्ष उलटा निघतो. लीगचाच पत्ता नसताना गुंतवणूकदाराने थांबावं, ही अपेक्षा कुठल्या हिशेबात बसते? दोष द्यायचा तर ज्यांनी करार वेळेवर केला नाही त्यांना द्या. ग्रुपने सहा वर्षांत अंधेरीला जे दिलं ते आधी कुणी दिलं होतं?

अंधेरी_पश्चिम

दोष त्यांचा आहेच, त्यावर रोजच बोलतो. पण क्लब म्हणजे लीग अडकली तरी जो जागचा हलत नाही तो. कोलकात्यात मोहन बागान १८८९ पासून आहे, किती लीगा आल्या आणि गेल्या. गुंतवणूकदार जातो याचं मला आश्चर्य नाही. तो जाणार नाही असं समजून तुम्ही युक्तिवाद करताय, त्याचं आहे.

वाचकमात्र

+१. आणि मेलबर्नवाल्यांनाही विचारा. हार्ट नावाचा लाल-पांढरा क्लब होता, २०१४ मध्ये ग्रुपने घेतला, सिटी झाला, आकाशी झाला.

डावखुरा

अंधेरीकरांनी माझा मुद्दा माझ्यापेक्षा नीट मांडला. पण ‘कुलूप आहे म्हणून टिकतील’ यावर मी समाधान मानायला तयार नाही. टिकणं वेगळं आणि स्वतःसाठी खेळणं वेगळं. जिरोना आणि मँचेस्टर सिटी २०२४-२५ ला एकाच चॅम्पियन्स लीगमध्ये आले तेव्हा युरोपच्या फुटबॉल संघटनेने ग्रुपला जिरोनातला हिस्सा त्रयस्थ न्यासाकडे ठेवायला लावला. म्हणजे एका मालकाचे दोन संघ ही अडचण आहे, हे युरोपात कागदावर मान्य झालंय. एमएलएसने एवढा साधा नियम करावा: मोसम चालू असताना खेळाडू भावंड क्लबाला उसना देता येणार नाही. विकायचा तर खुल्या बाजारात, जास्त बोली देईल त्याला. कास्तेयानोससाठी २०२२ च्या जुलैत इतर कुणी किती मोजले असते, ते न्यू यॉर्कच्या प्रेक्षकांना कधी कळलंच नाही.

पाऊस आणि फुटबॉल

नियम करणार कोण? लीगचे मालक म्हणजे संघांचे मालक. आर्सेनलवाले क्रोएन्के कोलोराडो रॅपिड्सचेही मालक आहेत. त्यांना हा ठराव मांडायला सांगता?

डावखुरा

सांगायला काय जातंय. तिसऱ्या पक्षाकडून किंमत ठरवून घ्या, एवढं तरी करा. घरातल्या घरात व्यवहार करताना कुठल्याही लिस्टेड कंपनीला हे करावं लागतं, हिशेबनीसांना विचारा.

हिशेबनीस

करावं लागतं. एमएलएस लिस्टेड नाही, ही एकच अडचण. पण हा मुद्दा पहिल्या पोस्टमध्ये लिहिला असता तर मी एवढा भांडलो नसतो.

हडसनपार

भांडण मिटत आलेलं दिसतंय म्हणून आठवण करून देतो: ०-७.