बझचा किल्ला पडला नसता तर?

भटक्या: इ.स. ८१६ ते ८३७, आझरबैजानच्या डोंगरांत बाबक खुर्रमीने अब्बासी खलिफांना वीस वर्षं दमवलं. मझदक या जुन्या इराणी उपदेशकाची समतेची शिकवण, मेलेल्या पुढाऱ्याचा आत्मा नव्यात उतरतो ही श्रद्धा, अब्बासींना गादीवर बसवणाऱ्या सेनापती अबू मुस्लिमच्या खुनाचा राग, सगळं त्या पंथात कालवलेलं. बायझंटाइन सम्राट थिओफिलस खलिफाच्या मुलखात घुसला तो ८३७ मध्ये, बाबक जेरीला आल्यावर. दोन वर्षं आधी, खलिफाचा सेनापती अफशीनची मोहीम उभी राहतानाच घुसला असता, तर बाबकचा बझ किल्ला टिकला असता, अरबांवर इराणी जिंकले असते आणि इराणात वेगळाच धर्म रुजला असता.

शंकासुर: आत्याबाईला मिशा असत्या तर! बझ घेणारा अफशीन कोण? मध्य आशियातल्या उश्रुसानाचा राजपुत्र, इराणीच. पळालेल्या बाबकला धरून दिलं ते आर्मेनियन सरदार सहल इब्न स्मबातने. यात 'अरब विरुद्ध इराणी' कुठे दिसतं?

भटक्या: त्याच अफशीनवर पुढे खटला झाला, आतून जुनाच धर्म पाळतो म्हणून! कैदेतच मेला. तो बाबकला मिळाला असता तर?

शंकासुर: का मिळेल? पगार आणि मानमरातब खलिफा देत होता.

जुनी वही: शंकासुराशी सहमत, पण माझं कारण वेगळं. बाबकच्या बंडाच्या सत्तरएक वर्षं आधी खोरासानात, म्हणजे ईशान्य इराणात, बेहाफरीदने जरथुश्त्री वळणाचा नवा पंथ काढला. त्याची तक्रार घेऊन गेले ते मोबेद, म्हणजे जरथुश्त्री पुरोहितच! कोणाकडे, तर अबू मुस्लिमकडे. त्याने बेहाफरीदला मारलं. पुढे ७५५ मध्ये खलिफाने अबू मुस्लिमला मारलं, तेव्हा सूड घ्यायला उठला सुनपाद, तोही जरथुश्त्री! या गोंधळातून एक धर्म कसा उभा राहणार? बाबक जिंकला असता तर मोबेदच आधी धास्तावले असते. आणि ९४५ मध्ये खलिफांचं बगदाद बुवैही या इराणी घराण्याच्या हाती गेलंच की, मुसलमान राहून.

भटक्या: धर्माचं मान्य. पण बुवैही आल्याने गावातल्या कुळाला काय मिळालं? ८३९ मध्ये कॅस्पियन काठच्या तबरिस्तानात तिथला राजा माझियारने कुळांना जमीनदारांवर सोडलं. ते बंडही मोडलं खोरासानच्या ताहिरी सुभेदारांनी, म्हणजे पुन्हा इराण्यांनीच. बझ उभा असता तर त्या कुळांना जायला एक जागा तरी होती.

शंकासुर: म्हणजे आता प्रश्न धर्माचा नाही, जमिनीचा. मग आधी धाग्याचं नाव बदल.