देशभर मनाई: एका जिल्हा न्यायाधीशाचा हात किती लांब?

काळा कोट:
अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा २७ जून २०२५चा 'ट्रम्प विरुद्ध कासा' (कासा ही स्थलांतरितांची संघटना) निकाल अखेर पूर्ण वाचला. मत आधीच सांगतो, म्हणजे शिव्या लवकर सुरू होतील: निकाल बरोबर आहे.

२० जानेवारीला ट्रम्प यांनी आदेश काढला. आई बेकायदा किंवा तात्पुरत्या व्हिसावर, आणि बाप ना नागरिक ना ग्रीनकार्डवाला, अशांचं मूल अमेरिकेत जन्मलं तरी नागरिक धरायचं नाही. तिसऱ्याच दिवशी सिअ‍ॅटलच्या न्यायाधीशांनी तो देशभर रोखला. सर्वोच्च न्यायालय ६ विरुद्ध ३ मतांनी म्हणालं, जो दारात आलाय त्याला पूर्ण दिलासा द्या. जो आलाच नाही त्याच्यासाठी मनाई हुकूम काढायचा अधिकार, केंद्रीय न्यायालयं उभारणाऱ्या १७८९च्या कायद्यात बहुधा नाही.

अमेरिकेत केंद्राची जिल्हा न्यायालयं ९४. सरकार ९३ ठिकाणी जिंकलं आणि एका ठिकाणी हरलं, तरी धोरण बंद? आज टाळ्या पिटणाऱ्यांनी २०१५ आठवावं. ओबामांची कागदपत्रं नसलेल्या पालकांसाठीची योजना टेक्सासातल्या एकाच न्यायाधीशाने अशीच देशभर अडवली होती.

जर्सीकर:
तत्त्व झकास आहे हो. माझी बहीण आणि मेहुणे दोघं एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, बाळ सप्टेंबरात. न्यू जर्सी राज्य स्वतः या आदेशाविरुद्ध वादी आहे, म्हणून आम्हाला जरा धीर. मेव्हण्यांनी उद्या डॅलसची नोकरी धरली तर? टेक्सास वादी नाही. अमेरिकेत जन्मलेल्याला नागरिकत्व देणारी चौदावी घटनादुरुस्ती १८६८ची, देशाला एकच. ती राज्याची हद्द ओलांडली की बदलते का?

आणि मूळ प्रश्न १८९८लाच सुटलाय ना? वाँग किम आर्क सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला, आईबाप चिनी प्रजा. तो नागरिकच, असं कोर्टाने ६ विरुद्ध २ने सांगितलं.

नांदेडी:
जर्सीकरांशी सहमत. आपल्याकडे बघा. सरकारविषयीचा ऑनलाइन मजकूर खोटा ठरवणाऱ्या केंद्राच्या फॅक्ट-चेक युनिटचा नियम मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४मध्ये रद्द केला. तो काय फक्त महाराष्ट्र-गोव्यापुरता रद्द झाला? केंद्रीय कायद्याच्या वैधतेवर उच्च न्यायालयाने दिलेला आदेश देशभर चालतो, असं आपलं सर्वोच्च न्यायालय २००४ सालीच कुसुम इनगॉट्समध्ये म्हणून गेलंय.

काळा कोट:
नांदेडी, तुलना चुकतेय. आपलं उच्च न्यायालय घटनेने उभं केलंय, हातात कलम २२६ आहे, म्हणजे सरकारला थेट आदेश (रिट) देण्याचा अधिकार. आपल्या जिल्हा न्यायाधीशाला तर कायदा घटनाबाह्य वाटला तरी तो स्वतः रद्द करता येत नाही, प्रश्न उच्च न्यायालयाकडे पाठवावा लागतो.

जर्सीकर, वाँग किम आर्कचे आईबाप तिथे कायम वास्तव्याला होते आणि निकालात ते स्पष्ट लिहिलंय. सरकार नेमकं तेच बोट धरणार. मला स्वतःला तो युक्तिवाद लंगडा वाटतो; घटनादुरुस्तीत 'वास्तव्य' हा शब्द आईबापांसाठी आलेलाच नाही. पण कासामध्ये हा मुद्दा निकालात निघालेलाच नाही. शिवाय सामूहिक दाव्याचा, म्हणजे काहींनी सगळ्यांच्या वतीने लावायच्या दाव्याचा, रस्ता उघडा आहे. १० जुलैला न्यू हॅम्पशायरमध्ये बाळांचा अख्खा वर्ग धरून पुन्हा मनाई मिळालीच की.

पडघम:
म्हणजे पुढचं दार बंद, मागचं उघडं. मग साधलं काय?

काळा कोट, एक सांगा. सरकारने वर जाताना आदेश घटनात्मक आहे का, हे विचारलंच नाही. फक्त मनाई किती लांब पसरावी एवढंच विचारलं. खाली प्रत्येक ठिकाणी हरणारा पक्ष मूळ प्रश्न वर नेईल कशाला? दावा न लावलेल्यांवर आदेश चालवत बसेल. विरोधातल्या तिघांपैकी न्यायमूर्ती सोटोमायोर यांच्या भिन्नमताचा रोख हाच आहे. वकील परवडत नाही त्याची घटना वेगळी?

काळा कोट:
हा मुद्दा मात्र बोचतो. याचं सरळ उत्तर निकालात मला सापडलं नाही.

जर्सीकर:
तुमचं चालू द्या. अवांतर: बहिणीने भारतीय वकिलातीचे फॉर्म काढून ठेवलेत. परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद वर्षाच्या आत करायची, आणि दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यायचं. आता आधी कुठला अर्ज भरायचा, अमेरिकी पासपोर्टचा की भारतीय नोंदणीचा, यावर आईचं आणि मेव्हण्यांचं रोज फोनवर वाजतंय.