फोल्डर उघडतो मी माडीवर, दिसतो तो खाली!

मंडळी, मदत हवी आहे. खालच्या खोलीतल्या पीसीवर डेबियन १२ (लिनक्स) आणि एक्सएफसीई हा डेस्कटॉप आहे. त्याचा अख्खा डेस्कटॉप मला माडीवरच्या लॅपटॉपवर एका खिडकीत हवाय. लॅपटॉपवर झेफिर (खिडकीत वेगळा डिस्प्ले देणारा प्रोग्रॅम) सुरू करून त्यातून एसएसएच -वाय ने (दुरून लॉगिन, तिथल्या खिडक्या इकडे दाखवणारं) पीसीत शिरतो. अख्खा डेस्कटॉप सुरू करणारं स्टार्टएक्सएफसीई४ दिलं तर सेशन मॅनेजर (लॉगिनचं सत्र सांभाळणारा प्रोग्रॅम) आधीच चालू आहे म्हणून हात वर करतं. मग नुसतं एक्सएफडब्ल्यूएम४ (खिडक्या सांभाळणारा भाग) लावलं, ते चाललं. पण थुनार (फोल्डर दाखवणारा प्रोग्रॅम) उघडावं तर खिडकी खालच्याच मॉनिटरवर! आई ओरडते, "अरे, हे आपोआप काय उघडलं?"

तिथेही माझंच लॉगिन चालू असतं, त्यामुळे दोन्हीकडे एकच डी-बस (प्रोग्रॅम्सची आपसात निरोप देण्याची वाट) वापरली जात असणार. डीबस-रन-सेशन (स्वतंत्र डी-बस सुरू करणारी कमांड) लावून भागेल, की वेगळा युजरच काढू? व्हीएनसी (दूरच्या स्क्रीनचं चित्र पाठवणारी पद्धत) सुचवू नका, त्यात मला अक्षरं पुसट दिसतात.