वेगवेगळ्या प्रकारच्या नव्या चित्रपटांना एकच माप लावावे का?

पहिलाखेळ (प्रश्न)

नमस्कार. पाहिलेल्या प्रत्येक नव्या चित्रपटाची मी एका वहीत नोंद ठेवतो. चित्रपट पाहिला की त्याच रात्री चार-पाच ओळी लिहायच्या आणि पाचपैकी तारे द्यायचे, एवढाच शिरस्ता. २०२४ मध्ये आलेल्या चित्रपटांची पाने परवा सलग वाचली आणि एका गोष्टीने मला अस्वस्थ केले.

ताऱ्यांचे आकडे असे आहेत: ‘द ब्रूटलिस्ट’ साडेचार, ‘कॉन्क्लेव्ह’ चार, ‘ड्यून: पार्ट टू’ चार, ‘अनोरा’ साडेतीन, ‘फ्लो’ साडेतीन, ‘द सब्स्टन्स’ तीन. आकड्यांखालच्या ओळी मात्र वेगळेच सांगतात. ‘द ब्रूटलिस्ट’खाली मी लिहिले आहे, “उत्तरार्धात लक्ष उडाले.” ‘द सब्स्टन्स’खाली लिहिले आहे, “आरशासमोरचा प्रसंग डोळ्यांपुढून जात नाही, झोप लागली नाही.” ज्या चित्रपटाने झोप उडवली त्याला तीन तारे आणि ज्याच्यावरून लक्ष उडाले त्याला साडेचार, हा हिशेब कोणत्या न्यायाने झाला असेल?

माझा संशय असा आहे की मी चित्रपटाला तारे देत नसून त्याच्या विषयाला देत आहे. छळछावणीतून वाचलेल्या वास्तुरचनाकाराची कथा म्हटली की लेखणी आपोआप उदार होते. भयपट, विनोदी चित्रपट किंवा प्राण्यांचा अ‍ॅनिमेशनपट असला की कितीही भारावलो तरी अर्धा-एक तारा हातात राहतो. आपल्यापैकी जे सर्व प्रकारचे चित्रपट मनापासून पाहतात, त्यांना विचारावेसे वाटते की आपण हे माप कसे लावता? प्रकारागणिक वेगळी फूटपट्टी ठेवता, की एकच ठेवून काम भागते? शक्य तो याच चित्रपटांच्या आधारे लिहावे, आणि ज्यांनी ते पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी शेवट उघड करायचा असेल तेथे आधी तसे सांगावे, ही विनंती.

काळोखातलाप्रेक्षक

आपला संशय खरा आहे असे मला वाटते, आणि आपण तो इतक्या प्रांजळपणे मांडलात याचे कौतुक आहे. भयपटांवर माझा जीव आहे, त्यामुळे मी ‘द सब्स्टन्स’पुरतेच लिहितो.

कोराली फार्झा यांच्या या चित्रपटाला २०२४ च्या फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात उत्कृष्ट पटकथेचे पारितोषिक मिळाले. पुष्कळांना त्याचे नवल वाटले, कारण या चित्रपटात संवाद फारच थोडे आहेत. पटकथा म्हणजे संवाद अशी आपली समजूत असते तिचा हा परिणाम. पहिली काही मिनिटे आठवून पाहा. अंड्याच्या पिवळ्या बलकात सुई टोचली जाते आणि त्यातून दुसरा बलक बाहेर येतो. त्यानंतर पदपथावर एका अभिनेत्रीच्या नावाचा तारा बसवला जातो, लोक त्याची छायाचित्रे घेतात, ऋतू बदलतात, ताऱ्याला तडे जातात, आणि अखेर कोणाच्या तरी हातातले खाणे त्यावर सांडते. कथेचे सूत्र आणि नायिकेचा सगळा पूर्वेतिहास जवळजवळ शब्दांवाचून सांगून झाला! सात दिवस स्वतःच्या शरीराने जगायचे आणि सात दिवस औषधाने निर्माण झालेल्या दुसऱ्या, तरुण शरीराने, हा नियम एकदा घालून दिल्यावर पुढचे प्रत्येक संकट तो नियम मोडल्यामुळेच येते, बाहेरून काहीही आणून चिकटवलेले नाही. असा काटेकोर बांधा कितीतरी गंभीर म्हणवल्या जाणाऱ्या चित्रपटांना साधत नाही.

आपण उल्लेखलेला आरशासमोरचा प्रसंग मलाही या चित्रपटाचा गाभा वाटतो. एका जुन्या ओळखीच्या माणसाला भेटायला जाण्यासाठी नायिका तयार होते, दारापर्यंत जाते, परत येऊन रंगभूषा बदलते, पुन्हा दारापर्यंत जाते, पुन्हा परतते आणि शेवटी चेहरा अक्षरशः खरवडून पुसते. त्यात रक्ताचा थेंब नाही, राक्षसी काही नाही. डेमी मूर यांनी तो एकही शब्द न उच्चारता केला आहे. रंगभूषा आणि केशभूषेचे ऑस्कर या चित्रपटाला मिळाले ते अर्थात उत्तरार्धातल्या कृत्रिम अवयवांच्या कामासाठी, आणि ते योग्यच आहे. पण साध्या लिपस्टिकने एवढी भीती घालता येते, हे मी प्रथमच पाहिले.

तरीही मी याला पाच तारे देणार नाही. शेवटची वीस मिनिटे मला लांबलेली वाटली. त्यातली किळस हा माझा आक्षेप नाही, भयपटाला तिचा हक्क आहे. रक्ताचा सडा सुरू होण्यापूर्वीच त्या प्रसंगाला जे म्हणायचे होते ते म्हणून झाले होते, हा आक्षेप आहे. भयपटाच्या चाहत्याने भयपटात काढलेला दोष हा असा असतो. “भयपट आहे म्हणून तीन” हा त्याहून अगदी निराळा न्याय झाला.

कानदेऊन

मी चित्रपट आधी ऐकतो आणि मग पाहतो, म्हणून माझे मत थोडे एकांगी असू शकेल. माझ्यापुरते एकच माप आहे: या चित्रपटाने असे काय केले की जे त्याला सांगण्याच्या दुसऱ्या कोणत्याही माध्यमात करता आले नसते?

या मापाने ‘फ्लो’ आपल्या यादीत सर्वांत वर जायला हवा. लॅटव्हियाचे गिन्ट्स झिल्बालोडिस यांनी तो ब्लेंडर या कोणालाही विनामूल्य मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केला, त्यात संवादाचा एकही शब्द नाही, आणि तरीही अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर त्याला मिळाले. पुराचे पाणी चढत जाते, एक मांजर, एक कॅपिबारा, एक लेमूर, एक कुत्रा आणि एक पक्षी एका होडीत येतात, एवढीच गोष्ट. पण ते प्राणी माणसांसारखे वागत नाहीत, हे महत्त्वाचे. मांजर घाबरते तेव्हा मांजरासारखीच घाबरते, कान मागे पाडते, अंग चोरते. आवाजही खऱ्या प्राण्यांचे आहेत. कॅपिबाराचा मूळ आवाज फार चिरका असल्यामुळे त्या संथ, जाड प्राण्याला शोभेना, म्हणून त्याला उंटाच्या पिल्लाचा आवाज दिला आहे. हा तपशील कळला तेव्हा मी चित्रपट पुन्हा पाहिला, आणि त्या प्राण्याचा समजूतदारपणा मला पहिल्या वेळी कशामुळे जाणवला होता, ते उमगले.

आणखी एक गोष्ट अशी की या चित्रपटासाठी चित्रफलक, म्हणजे प्रत्येक दृश्याची कागदावरची आखणी, आधी काढले नव्हते. दिग्दर्शकाने संगणकात जग उभे केले आणि त्यात कॅमेरा घेऊन ते हिंडले. म्हणूनच तो कॅमेरा मांजरामागे धावताना कधी जरा मागे पडतो, कधी वळण चुकतो, आणि लांबच लांब चालणाऱ्या दृश्यांत आपण जणू पाण्याच्या कडेने तिच्यामागे चाललो आहोत असे वाटते. “प्राण्यांचा अ‍ॅनिमेशनपट” या दोन शब्दांत यातले काहीच येत नाही, आणि आपण अर्धा तारा हातात राखलात तो या दोन शब्दांमुळे, असे मला वाटते.

‘ड्यून: पार्ट टू’विषयी थोडक्यात. ध्वनी आणि दृश्यपरिणाम अशी दोन ऑस्कर त्याला मिळाली, आणि त्यातले ध्वनीचे मला अगदी मनापासून पटले. पण मी त्यातला खलनायकांच्या ग्रहावरचा आखाड्याचा प्रसंग सर्वांत वर ठेवतो. छायाचित्रणकार ग्रेग फ्रेझर यांनी तो अवरक्त किरण टिपणाऱ्या कॅमेऱ्याने चित्रित केल्यामुळे माणसांची कातडी आतून उजळल्यासारखी पांढरी दिसते. त्या ग्रहावरच्या सूर्याखाली रंगच मरतात ही कल्पना कोणी बोलून सांगत नाही, ती डोळ्यांना थेट जाणवते.

दुसरीबाजू

वरील दोन्ही प्रतिसाद आवडले, परंतु मला थोडा विरोध नोंदवायचा आहे. विषयाचे वजन अजिबात मोजू नये, हे मला मान्य नाही. ज्या चित्रपटाने अवघड गोष्ट हाती घेतली आणि थोडी निसटू दिली, त्याने सोपी गोष्ट सफाईने करणाऱ्या चित्रपटापेक्षा अधिक धोका पत्करलेला असतो, आणि त्या धोक्याला काही मोल असले पाहिजे. ‘कॉन्क्लेव्ह’ मी आनंदाने पाहिला. पोपच्या निवडणुकीची एकेक फेरी रहस्यपटासारखी रंगवण्याचे कौशल्य त्यात आहे, रेफ फाइन्स यांचा थकलेला, शंकेने पोखरलेला चेहरा आहे, आणि आधारित पटकथेचे ऑस्कर त्याने योग्यपणे मिळवले. परंतु घरी पोहोचेपर्यंत तो माझ्या मनातून उतरला होता. ‘द ब्रूटलिस्ट’ अजून उतरलेला नाही.

मध्यंतराची पंधरा मिनिटे धरून २१५ मिनिटांचा हा चित्रपट व्हिस्टाव्हिजन पद्धतीने चित्रित झाला. या पद्धतीत ३५ मिलिमीटरची फिल्म कॅमेऱ्यातून उभी न जाता आडवी जाते, त्यामुळे प्रत्येक चौकट नेहमीच्या दुपटीहून मोठी मिळते. १९५४ मध्ये आलेली आणि पुढे मागे पडलेली ही पद्धत दिग्दर्शक ब्रॅडी कॉर्बे यांनी निवडली, कारण कथा त्याच काळातली आहे आणि इमारतीच्या सरळ रेषा वाकवणारी रुंद भिंगे न वापरता त्यात मोठा अवकाश टिपता येतो. सुरुवातीला जहाजाच्या अंधाऱ्या पोटातून नायक धडपडत वर येतो आणि स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा उलटा दिसतो, ते दृश्य मोठ्या पडद्यावर पाहिलेला माणूस ते विसरू शकेल असे मला वाटत नाही.

यापुढे शेवटाचा उल्लेख आहे, ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी हा परिच्छेद सोडावा. एवढे सगळे असूनही या चित्रपटाचा मोठा दोष मला त्याच्या उपसंहारात दिसतो. तीन तासांहून अधिक काळ आपण एक इमारत उभी राहताना पाहतो, तिचा अर्थ चाचपडत राहतो, आणि अखेरीस १९८० च्या व्हेनिसमध्ये नायकाची भाची भाषण करून त्या खोल्यांची मापे कुठून आली ते सांगून टाकते. काही जाणकारांच्या मते भाचीने केलेला हा अर्थ प्रेक्षकाने जसाच्या तसा स्वीकारावा अशी अपेक्षाच नाही. मला ते पटावे असे फार वाटते, पण पटत नाही, कारण त्या भाषणावर शंका घ्यायला चित्रपट आपल्याला पुरेसा वेळ देत नाही. दोष एवढा मोठा असूनही माझे साडेचार कायम आहेत. त्यामुळे आपले तारे चुकले असे मी म्हणणार नाही, त्यांचे कारण मात्र वहीत लिहायला हवे होते.

पहिलाखेळ

तिघांचे मनापासून आभार. ‘दुसरीबाजू’ यांचा मुद्दा वाचून मी थबकलो, कारण धोक्याला मोल आहे हे मलाही पटते. पण मग तोच न्याय ‘द सब्स्टन्स’ला का लागू नये? वय झालेल्या शरीराचा तिरस्कार हा काही हलका विषय नव्हे. तो भयपटाच्या वेशात आला म्हणून मी त्याचे वजनच केले नाही, आणि माझी चूक नेमकी तेथे झाली असावी. त्याचे तीन तारे खोडून मी चार केले आहेत. ‘फ्लो’ मात्र पुन्हा पाहून मगच ठरवेन, या वेळी हेडफोन लावून.

‘अनोरा’विषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून मीच लिहितो. शॉन बेकर यांनी या एका चित्रपटासाठी उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, मूळ पटकथा आणि संकलन अशी चार ऑस्कर घेतली. संकलनाचे पारितोषिक विनोदी चित्रपटाला कसे, असा प्रश्न तेव्हा माझ्याही मनात आला होता. आज तो घरातला लांबलचक प्रसंग पुन्हा पाहिला. नायिकेचे लग्न मोडायला आलेली माणसे आणि ती एकटी, असा तो बराच वेळ चालणारा गोंधळ आहे. पहिल्यांदा पाहताना मी सतत हसत होतो. या वेळी लक्षात आले की संकलक मधूनमधून एका गप्प उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे वळतो, इगोर त्याचे नाव. तो तिच्याकडे जसा पाहतो तसे तिथले दुसरे कोणीही पाहत नाही. शेवटी बर्फ पडत असताना मोटारीत ते दोघेच बसलेले असतात, पार्श्वसंगीत नसते, काचेवरच्या वायपरचा आवाज तेवढा चालू असतो. त्या प्रसंगाने मला पहिल्यांदा चकित केले होते, कारण विनोदी चित्रपट पाहतो आहे असे समजून मी ते चेहरे पाहिलेच नव्हते. साडेतीनाच्या शेजारी आज तारीख घालून साडेचार लिहिले आहेत, जुना आकडा मात्र खोडलेला नाही.