५७ ची बेल एअर सेडान: पाठीवरची स्टेपनी ठेवू की काढू?

एडिसनकर:
मंडळी, मार्चमध्ये एकदाची गाडी दारात आली. १९५७ ची शेवरोले बेल एअर, मधला खांब असलेली चार दारांची सेडान. खाली लार्कस्पर ब्लू, टपाला इंडिया आयव्हरी. हे रंग कंपनीच्याच तक्त्यातले आहेत.

चार दारंच का, तेही सांगतो. बाबा ताडदेवला एका गॅरेजात पत्र्याचं काम करायचे. तेव्हा मुंबईत डॉज, प्लिमथ, शेवरोले टॅक्सी म्हणून धावायच्या आणि त्यांची मडगार्डं ठोकून सरळ करण्यात बाबांची उमेदीची वर्षं गेली. मी दुपारी डबा घेऊन जायचो आणि मागच्या सीटवर चढून बसायचो. मागे दार नसलेली गाडी माझ्या डोळ्यांना अर्धवट वाटते. इथले शौकीन चार दारांना 'मोअर-डोअर' म्हणत नाक मुरडतात. मुरडू देत.

आता प्रश्न. आधीच्या मालकांनी गाडीवर हौसेने बरंच काही चढवलंय. मागे बंपर लांबवून त्यावर उभी स्टेपनी, म्हणजे कॉन्टिनेंटल किट. मागच्या चाकांवर झाकणं. पुढच्या काचेवर बाहेरून पत्र्याची झड. दोन स्पॉटलाइट. डॅशबोर्डवर सिग्नल बघायचं छोटं भिंग आणि खाली टिश्यूचा डबा. डिकीवर सोनेरी व्ही अक्षर. टायर रुंद पांढऱ्या पट्ट्याचे.

लांबून बघताना छाती भरून येते. जवळ गेलो की मात्र नजर कुठे ठरत नाही. मागून तर फक्त स्टेपनीच दिसते, आणि या गाडीचं रूप मागच्या मडगार्डांच्या उभ्या पंखांत आहे. परवा पेट्रोल भरायला गेलो. आमच्या न्यू जर्सीत स्वतः पेट्रोल भरायला कायद्याने बंदी आहे, पंपावरचा मुलगाच भरतो. त्याने दोन फेऱ्या मारल्या, टाकीचं झाकण सापडेना. मी उतरून डाव्या पंखाची निकलची कड बाजूला केली तेव्हा आत झाकण दिसलं. तो पोरगा खाली वाकून बघतच राहिला. ज्यांनी एवढी नाजूक गोष्ट लपवून ठेवली, त्यांच्या कामापुढे एवढं मोठं डबडं उभं करावं का? कोणी अनुभवी सांगेल का, काय ठेवू नि काय काढू? पुढेमागे जुन्या गाड्यांच्या परीक्षणालाही न्यायची इच्छा आहे.

ओहायोवासी:
काका, अभिनंदन! माझ्याकडे ५७ चीच टू-टेन आहे, बेल एअरच्या खालचं मॉडेल, तेव्हा बेल एअरकडे जरा हेव्यानेच बघतो. सोनेरी जाळी, पुढच्या मडगार्डवरचे तीन सोनेरी बाण, मागच्या बाजूची रेघांची ॲल्युमिनियमची पट्टी, हे सगळं बेल एअरचंच. बॉनेटवर मधोमध एक चिन्ह न ठेवता दोन बाजूंना दोन लांब सुळके दिलेत. हेडलाइटच्या वर जी जाळी दिसते ती नुसती शोभेची नाही, गाडीच्या आतली हवा तिथूनच येते. कंपनीनेच एवढे दागिने घातलेत, त्यावर आणखी चढवायला जागा कुठे आहे?

पण आधी एक काम करा. ड्रायव्हरचं दार उघडा आणि बिजागरीच्या खांबावरची नंबरपट्टी वाचा. 'व्हीसी५७' ने सुरू होत असेल तर गाडी व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनाची जन्मली. नुसतं 'सी५७' असेल तर सहा सिलिंडरची, आणि मग डिकीवरचा तो सोनेरी व्ही नंतर कोणीतरी लावलाय. व्ही फक्त आठवालीला मिळायचा, बेल एअरवर सोनेरी. बॉनेटवर आहे का?

झड आणि भिंग मात्र जोडीनेच ठेवा. झडीमुळे वर टांगलेला सिग्नल ड्रायव्हरला दिसत नाही, म्हणून ते भिंग. एक काढून दुसरं ठेवलं तर अर्थच उरत नाही. स्पॉटलाइट दोन कशाला, एकही पुरे.

परळचा गॅरेजवाला:
एडिसनकर, मी चाळीस वर्षं डेंटिंग-पेंटिंग केलंय, ५७ चं शेवरोलेही दोनदा हाताखालून गेलंय. चाकांवरची झाकणं आजच काढा. दिसण्याचं नंतर बोलू. झाकणाच्या आत चिखल बसतो, ओल सुकत नाही आणि चाकावरच्या कमानीची दुमड आतून सडते. बाहेरून रंग तकतकीत, बोट लावलं की पापुद्रा. तुमच्याकडे तर हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात म्हणे.

दिसण्याचंही सांगतो. खांबवाल्या सेडानचा टप उंच, अंग भरलेलं. मागचं चाक झाकलं की ती बसल्यासारखी वाटते. चाक उघडं असेल तर पंखाची रेघ सरळ मागे धावते.

दुसरं, सोनेरी जाळीला आणि त्या ॲल्युमिनियमच्या पट्टीला पॉलिशची वडी लावू नका! तो मुलामा नाही, ॲल्युमिनियमवरच रासायनिक प्रक्रियेने बसवलेला थर आहे. घासला की गेला, मग राहतो तो पांढरट डाग. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, बस.

मिशिगनवासी:
सगळे काढा म्हणताहेत, म्हणून मी थोडी अडवते. अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिकाचं परीक्षण ४०० गुणांचं असतं आणि पाया एकच, गाडी नवी असताना जशी होती तशी. त्या वर्षीच्या कंपनीच्या कॅटलॉगात किंवा पार्टबुकात जी वस्तू छापलेली आहे ती चालते, कागद मात्र मालकाने दाखवायचा. म्हणजे झड, भिंग, टिश्यूचा डबा यांचे कागद मिळवा आणि निर्धास्त ठेवा.

स्टेपनीबद्दल मात्र गुणांच्या पलीकडचं विचारते. ती कोणी बसवली? माझ्या सासऱ्यांच्या गाडीला अशीच होती, १९५८ मध्ये त्यांच्या वडिलांनी पहिल्या बोनसमधून घेतलेली. आम्ही ती काढली, गाडी देखणी झाली, पण सासरे तिच्याजवळ उभं राहून फोटो काढायला तयार होईनात. त्या काळच्या साध्या कामगाराला श्रीमंत गाडीचा तो एक तुकडा परवडत होता. तुमच्या गाडीमागे असं काही असेल तर घाई करू नका.

एडिसनकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी दिवसभर गाडीखाली होतो.

पट्टी वाचली. 'सी५७टी'. म्हणजे सहा सिलिंडर, आणि टी म्हणजे टॅरीटाऊन, हडसनच्या काठचा कारखाना, इथून तासाभरावर. आत आज २८३ घनइंचाचं व्ही-८ आहे, मग ते कोणीतरी नंतर टाकलंय. बॉनेटवर व्ही नाहीच. डिकीवरचाही काढतो. इंजिन ठेवणार, पण गाडीवर खोटं नाव नको.

डाव्या चाकाचं झाकण काढलं तर आत मूठभर पानं आणि चिखलाचा गोळा. कमानीच्या दुमडीत अंगठा जाईल एवढं भोक. गॅरेजवाले दादा, तुमचा शब्दन् शब्द खरा. उजवी बाजू शाबूत आहे.

ताई, तुमचं वाचून आधीच्या मालकीणबाईंना फोन केला. वय नव्वदीच्या घरात. म्हणाल्या, त्यांचे यजमान सत्तरीच्या दशकात एका जुन्या बाजारातून किट घेऊन आले, कारण गाडी मोठी दिसावी अशी त्यांची इच्छा होती. त्यांना स्वतःला ते कधीच आवडलं नाही, डिकीत सामान ठेवताना दरवेळी कंबर मोडायची. काढा म्हणाल्या, फक्त एक फोटो पाठवा.

काढलं. दोन माणसं लागली. मागचे स्प्रिंगचे पाटे सुटल्यासारखे झाले, गाडी मागून जवळपास दीड इंच वर आली. इतके दिवस मी पाटे बदलायचे म्हणून पैसे बाजूला काढत होतो! किट पुसून गॅरेजच्या माळ्यावर ठेवलंय, विकणार नाही. झड, भिंग, डबा आणि डावा स्पॉटलाइट राहिले. टिश्यूच्या डब्यावर नातीने हक्क सांगितलाय.

आता दोन कामं उरली. कमानीच्या भोकात लांबी (पुट्टी) भरणार नाही, पत्रा कापून पत्राच जोडणार, बाबांनी तसंच शिकवलंय. आणि डिकीवर व्हीची भोकं राहिलीत, तीही तशीच बुजवायची आहेत. दादा, एवढ्या पातळ जागेत झाळताना पत्रा वाकू नये म्हणून तुम्ही काय करता? ओलं फडकं बाजूने लावून थोडं थोडं झाळायचं, एवढं मला आठवतंय.

परळचा गॅरेजवाला:
बरोबर आठवतंय. मागून तांब्याची पट्टी दाबून धरा, ती उष्णता ओढून घेते. एक टाका मारा, हात लावून बघा, गार झाल्यावरच दुसरा, आणि तोही पहिल्याच्या समोरच्या बाजूला. रंग लावण्याआधी उन्हात तिरकं बघून फोटो टाका, लहर राहिली असेल तर मी सांगतो.