विजापूरची सहल म्हणजे घुमटात बोंबलून परत येणं एवढंच काय?

टिळकवाडीकर
यंदाही आमच्या भागातल्या शाळांच्या सहली ठरल्या. रायगड, पन्हाळा, कोल्हापूर. विजापूर असलंच तर बदामीच्या वाटेवर दोन तास: गोलघुमटाचा जिना चढायचा, वर बोंबलायचं, खाली येऊन उसाचा रस, गाडी सुटली. माझं म्हणणं, बेळगाव-खानापूर-निपाणीच्या मराठी पोरांना विजापूर मुक्काम करून दाखवावं. १४९०च्या सुमारास यूसुफ आदिलखानानं तिथं गादी मांडली, ती १६८६ला औरंगजेबानं जिंकली. शहाजीराजे १६३६ नंतर तिथलेच सरदार. पहिल्या इब्राहीम आदिलशाहानं महसुली दप्तर फारसीतून काढलं, तेव्हा हिशेब लिहायला मराठी कारकून बसले. हे पोरांना कोण सांगणार?

आणि घुमटात खरी गंमत आवाजाची नाहीच. मध्ये एक खांब नाही. एकमेकींना छेदत गेलेल्या कमानींनी आतून साधारण ३८ मीटर रुंदीचा घुमट पेललाय. खाली मुहम्मद आदिलशाहाची कबर, तो गेला १६५६ला. पोरं ओरडण्यात इतकी गुंग की मान वर करायचीच राहते.

खडेबाजार
त्यासाठी दोनशे किलोमीटर कशाला? आपलं गाव राजधानी नव्हतं काय? रट्ट राजांनी सौंदत्तीहून गादी वेणुग्रामला आणली, म्हणजे इथंच बेळगावात. किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, १२०४ची, रट्ट राजा चौथ्या कार्तवीर्याचा मंत्री बिचिराजानं बांधलेली. आत जाऊन वर बघा, छताला दगडी कमळ उलटं लोंबतंय, पाकळी न पाकळी सुटी. खांब काळ्या दगडाचे, गुळगुळीत. आदिलशाहीच पायजे तर त्याच किल्ल्यात आदिलशाही सरदार असदखान लारीची सफा मशीद हाय की. सकाळी जाऊन दुपारी जेवायला घरात.

गडवेडा
अफझलखान जिथनं विडा उचलून निघाला ते गाव पोरांना मुक्काम करून दाखवायचं? आधी रायगड, राजगड होऊ देत. शत्रूच्या थडग्यांचं कौतुक पुरे.

टिळकवाडीकर
@गडवेडा, पन्हाळ्यावर तुम्ही पोरांना सिद्दी जौहरचा वेढा रंगवून सांगता. १६६०चा तो वेढा कुणाच्या हुकमानं पडला? ज्याच्याशी महाराजांनी टक्कर दिली त्याची ताकद केवढी होती, हे विजापूरच्या तटाच्या खाली उभं राहिल्याशिवाय कळत नाही. तिथल्या शेरझा बुरुजावरची मुलुखमैदान तोफ बघा. १५४९ला अहमदनगरात ओतलेली, ५५ टनांची. तोंडाशी सिंहाचा जबडा, दातांखाली चिरडलेला हत्ती. (इंग्रजांनी १८५४ला ती दीडशे रुपयांत लिलावात काढली होती, मग सौदा रद्द केला. दीडशे रुपये!) आणि थडग्यांचं म्हणाल, तर दुसरा इब्राहीम आदिलशाह आपल्या गीतांत सरस्वतीला नि गणपतीला वंदन करायचा. त्यालाही शत्रूच्या एकाच पोत्यात कोंबणार?

गडवेडा
त्याच्या गीतांनी अफझलखानाची स्वारी थांबली नाही. तोफ बघायला हरकत नाही. मुक्काम कशाला, एवढंच विचारतोय.

अथणीकर
आम्हाला विजापूर जवळ, पाहुणे आले की नेतोच. तुमच्या दोन दिवसांना माझाही विरोध. तिसऱ्या इमारतीनंतर पोरांना सगळ्या कमानी सारख्याच. बारा कमानीपाशी तर हमखास पोरं कंटाळून मोबाईल काढतात. दुसऱ्या अली आदिलशाहाची ती अर्धवट राहिलेली कबर, ती कशी राहिली हे सांगणारा कुणी बरोबर नसला तर नुसते दगडच. एकच दिवस, पण क्रम बदला. सकाळी पहिल्यांदा उपली बुरूज, गाव कसं पसरलंय ते दिसतं. मग इब्राहीम रोजा, दुसऱ्या इब्राहीमची कबर. तिथल्या खिडक्या नीट बघायला लावा, दगडात कोरलेली अक्षरं हीच जाळी, त्यांच्या फटींतनं उजेड आत येतो. घुमट शेवटी. आधी घुमट दाखवलात तर पुढचं सगळं बारकंच वाटणार.

शाळेतल्या बाई
सांगणं सोपं आहे. मुक्काम म्हटलं की खर्च दुप्पट, मुलींच्या घरचे नाही म्हणतात आणि सोबत दोन शिक्षिका जास्त न्याव्या लागतात. आमच्याकडे सहलीची फी वाढली की यादीतली नावं गळतात, आणि गळतात ती शेतमजुरांच्या पोरांचीच. अथणीकरांचा क्रम मात्र लिहून ठेवला. उपली बुरुजावर शंभर पोरं एकदम चढवायची नाहीत, हे माझ्याकडनं.

टिळकवाडीकर
बाई, खर्चाचं मान्य. मग पहाटे चारला निघा, पण घुमटाचे दोन तास तरी अर्ध्यावर आणा. माझं भांडण त्या दोन तासांशी आहे.

खडेबाजार
करा काय ते. आमच्या गल्लीतल्या दहावीच्या पोराला विचारलं, किल्ल्यात काय हाय रे? म्हणाला, "मिल्ट्री." कमल बस्तीचं नाव काढलं तर माझ्याकडंच बगूलालाय.