चर्चा: वस्तीतल्या जेवणासाठी ताटामागे पंधरा रुपये घ्यावेत का?

पर्वतीपायथा (धागा सुरू करणारे)

पुण्यात पर्वतीच्या उतारावरील वस्तीला लागून आमची एक छोटी नोंदणीकृत संस्था आहे आणि गेली नऊ वर्षे मी तिचा हिशेब पाहतो. संध्याकाळची अभ्यासिका, शिवणवर्ग, रेशनकार्डाचे आणि दाखल्यांचे अर्ज भरून देणे ही कामे पूर्वीपासूनची आहेत. २०२० च्या टाळेबंदीत त्यांत रात्रीच्या जेवणाची भर पडली. टाळेबंदी उठली, पण ती पंगत काही उठली नाही. आजवर हे जेवण पूर्णपणे विनामूल्य आहे. येत्या शनिवारच्या बैठकीत मी ताटामागे पंधरा रुपये घेण्याचा ठराव मांडणार आहे आणि तो मांडण्यापूर्वी त्यावरचे आक्षेप मला ऐकायचे आहेत.

देणग्या कमी झाल्या आहेत हे खरे असले, तरी माझे मुख्य कारण ते नाही. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आमटी करपली होती. वाढणाऱ्या आम्हा सर्वांना तो वास येत होता, तरी शंभराहून अधिक माणसे डबे पुढे करून गेली आणि एकानेही एक शब्द काढला नाही. बांधकामावर बिगारी काम करणारी एक बाई रोज पदराखाली डबा झाकून येते. तिनेही तो तसाच झाकून नेला. दुसऱ्या दिवशी सकाळी वळणावरच्या गटारात तीच आमटी मला दिसली. माणसे उपाशी राहिली, पण आम्हांला बोलली नाहीत. फुकट मिळणाऱ्या अन्नाला नावे ठेवायची नसतात, हे त्यांना कोणी शिकवलेले नाही. ते त्यांनी आमच्या चेहऱ्यांवरून ओळखले असावे.

याच शहरात डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने हमाल पंचायतीने १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. महाराष्ट्राने १९७२ चा दुष्काळ नुकताच सोसलेला होता, तरीही त्यांनी अन्नछत्र न काढता ना नफा ना तोटा या तत्त्वावर स्वस्त जेवण देणारे केंद्र काढले. नावातच ‘कष्टाची’ हा शब्द आहे. तिथे जेवणारा माणूस गिऱ्हाईक म्हणून बसतो, आणि आमच्याकडे तो लाभार्थी म्हणून उभा राहतो. हा फरक मला मिटवायचा आहे.

भवानीपेठकर

ठरावाला माझा मनःपूर्वक पाठिंबा आहे. माझे वडील चाळीस वर्षे पाठीवर पोती वाहत होते आणि दुपारी ‘कष्टाची भाकर’मध्ये जेवत. लहानपणी सुटीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर जात असे. खिशातून सुटे पैसे काढून ते आधी मोजत, मग पुढे सरकवत आणि म्हणत, “भाकरी जरा खरपूस द्या, बाई.” घरी आईलाही ते असे कधी सांगत नसत. मालधक्क्यावर दिवसभर ज्याला कोणीही ‘ए’ म्हणून हाक मारत असे, तो माणूस त्या बाकावर बसून भाकरी कशी भाजावी हे सांगत होता. तुमच्या बिगारी बाईला त्या दिवशी पंधरा रुपये द्यावे लागले असते, तर तिने करपलेल्या आमटीचे पातेले तुमच्यासमोर आपटले असते आणि तेच योग्य ठरले असते.

सांख्यिकी

मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते आणि या ठरावाला माझा विरोध आहे. “नाममात्र किंमत लावली की माणूस वस्तूची किंमत ठेवतो” हे गृहीतक ऐकायला पटते, परंतु ते तपासले गेले आहे. जेसिका कोहेन आणि पास्कलिन ड्युपा या दोन अर्थतज्ज्ञांनी केनियात गरोदर स्त्रियांना मच्छरदाण्या देताना काही दवाखान्यांत त्या फुकट दिल्या, तर काही ठिकाणी अल्प किंमत आकारली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार किंमत शून्यावरून अवघ्या साठ सेंटवर नेताच मच्छरदाणी घेणाऱ्यांचे प्रमाण साठ टक्के अंकांनी घसरले. शिवाय, ज्यांना ती फुकट मिळाली होती त्यांनी ती पैसे मोजणाऱ्यांपेक्षा कमी वापरली, असेही आढळले नाही.

मच्छरदाणी आणि रात्रीचे जेवण एक नव्हे, हे मला मान्य आहे. तरीही शनिवारच्या बैठकीत एक प्रश्न अवश्य विचारावा: हे पंधरा रुपये घरातल्या कोणाच्या खिशातून येणार आहेत? हमालाच्या खिशात स्वतःची मजुरी असते. वस्तीतल्या कित्येक घरांत बाईची मजुरीसुद्धा संध्याकाळी नवऱ्याच्या किंवा सासूच्या हातात जाते. आज ती डबा उचलून निघते, तेव्हा तिला कोणाची परवानगी लागत नाही. उद्या तिला पंधरा रुपये मागावे लागतील, का हवेत ते सांगावे लागेल, आणि तीन मुले असतील तर साठ रुपयांचा हिशेब द्यावा लागेल. आपण तिला गिऱ्हाईक करायला निघालो आहोत, पण गिऱ्हाईक होण्यासाठी लागणारा पैसा तिच्या ताब्यात नाही. भवानीपेठकरांच्या वडिलांचा अनुभव मी जराही कमी लेखत नाही. मात्र तो कमावत्या पुरुषाचा अनुभव आहे.

नांदेडहून

मला मूळ मांडणीतच चूक दिसते. फुकट मिळाले म्हणून लाज वाटते, हे खरे नाही. आमच्या नांदेडला सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात रोज हजारो माणसे लंगरमध्ये जेवतात आणि पैसे कोणीही देत नाही. रिक्षावाला, परगावाहून आलेला व्यापारी आणि शाळकरी मुले एकाच ओळीत जमिनीवर बसतात. प्रसाद म्हणून रोटी घेताना दोन्ही हात पुढे करायचे असतात आणि हा नियम श्रीमंतालाही आहे. तिथे मी आजवर कोणाला ताट झाकून नेताना पाहिलेले नाही. लाज वाटते ती देणारे एका बाजूला आणि घेणारे दुसऱ्या बाजूला उभे केल्यामुळे. धागाकर्त्यांनी स्वतःच लिहिले आहे की आमटी करपल्याचा वास “वाढणाऱ्या आम्हा सर्वांना” येत होता. त्या रात्री ती आमटी वाढणाऱ्यांपैकी कोणी जेवले होते का?

पर्वतीपायथा

नाही. त्या रात्री आणि कोणत्याही रात्री आम्ही विश्वस्त तिथे जेवत नाही. आठला वाढप संपते आणि आम्ही घरी जातो. हा प्रश्न मला लागला आहे आणि त्याचे उत्तर माझ्याजवळ नाही. तरी एक सांगतो. लंगरमागे शतकांची श्रद्धा आहे, तिथे सेवा करणे हाच मान आहे. भाड्याच्या दोन खोल्यांमध्ये चालणाऱ्या संस्थेला ते वातावरण ठरावाने आणता येत नाही. पंधरा रुपयांचा नियम मात्र ठरावाने आणता येतो.

दाखलेवाली ताई

मी दुसऱ्या एका वस्तीत हेच अर्ज भरण्याचे काम करते, म्हणून इथे येणारी माणसे कोण असतात ते सांगते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. त्यामुळे “आता रेशन फुकट आहे, मग जेवण कशाला?” असे देणगीदार आम्हांला विचारतात. पण महाराष्ट्रात शहरी कुटुंबाने त्या यादीत बसण्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये आहे. चार घरची धुणीभांडी करून महिन्याला पाच हजार मिळवणाऱ्या एकट्या बाईचे उत्पन्न वर्षाला ६०,००० होते, म्हणजे नियमाने पाहिले तर ती एक हजार रुपयांनी ‘श्रीमंत’ ठरते. ज्यांना धान्य मिळते, त्यांच्याकडेही तांदूळ आणि गहू येतो. गॅस, तेल आणि डाळ येत नाही. सिलिंडर संपलेल्या घरात तांदळाची पिशवी भरलेली असते आणि मुले उपाशी असतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. नुसत्या धान्यापेक्षा शिजलेले जेवण का महत्त्वाचे, ते तिथे कळते.

आता पंधरा रुपयांविषयी. माझे मत सांख्यिकी यांच्या बाजूने आहे, पण कारण वेगळे आहे. तुम्ही किंमत लावाल आणि चार दिवसांत कोणीतरी म्हणेल, “जे अगदीच गरीब आहेत त्यांना सूट द्या.” मग सूट कोणाला हे ठरवायला यादी होईल, यादीसाठी दाखला लागेल आणि दाखल्यासाठी ती बाई एक दिवसाची मजुरी बुडवून तलाठी कार्यालयात किंवा सेतू केंद्रात उभी राहील. सरकारी रांगेतून थकून जी माणसे तुमच्या दारी आली, त्यांच्यासाठी तुम्ही आणखी एक रांग उभी कराल. कृपा करून हे करू नका.

कायद्याचे एक

थोडक्यात एवढेच: शुल्क घेतल्याने संस्थेचा धर्मादाय दर्जा जाईल, ही भीती बैठकीत कोणी घातल्यास घाबरू नये. आयकर कायद्यातील वीस टक्क्यांची मर्यादा (असे उत्पन्न संस्थेच्या एकूण जमेच्या वीस टक्क्यांपर्यंतच असावे) ‘सार्वजनिक उपयुक्ततेच्या’ कामांतून येणाऱ्या व्यावसायिक स्वरूपाच्या उत्पन्नाला लागू होते. ‘गरिबांना साहाय्य’ हा स्वतंत्र प्रकार आहे. हिशेब मात्र वेगळा ठेवावा आणि पावती फाडावी.

गिरणगावची नात

दोन्ही बाजू जेवणाऱ्याविषयी बोलत आहेत. रांधणारीविषयी कोणीच बोललेले नाही. माझी आजी लालबागला खानावळ चालवायची. खानावळ म्हणजे चाळीतली दहा बाय बाराची खोली, दोन स्टोव्ह आणि पाळीप्रमाणे जेवायला येणारे गिरणी कामगार. पगार झाला की ते पैसे देत, तोवर ती किराणा दुकानदाराकडून उधारीवर आणि सावकाराकडून व्याजाने भागवत असे. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अशा बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. तारण काहीच नव्हते. एकमेकींची हमी हेच तारण होते. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि जेवणारेच गावी निघून गेले, तेव्हा बायकांचे हे संघटन किती मोलाचे होते ते आजीला कळले.

पंधरा रुपये घ्यायचे की नाही, याआधी तुमच्या स्वयंपाकघरात कोण आहे ते सांगा. कॅटररकडून जेवण येत असेल, तर तुमच्या देणग्यांचा मोठा भाग वस्तीबाहेर जातो. वस्तीतल्याच पाच-सहा बायांनी रोजावर स्वयंपाक केला, तर त्यांच्या हातात पैसा येईल, आणि करपलेल्या आमटीबद्दल शेजारीण शेजारणीला रात्रीच जाब विचारेल. त्यासाठी पंधरा रुपये मोजावे लागणार नाहीत.

भवानीपेठकर

गिरणगावच्या ताईंचे म्हणणे पटते, परंतु त्याने शुल्काचा मुद्दा निकालात निघत नाही. रोजंदारी द्यायची तर पैसा नियमित हवा. देणगीदाराचा उत्साह दिवाळीत असतो आणि जूनमध्ये नसतो. पूर्णपणे दुसऱ्याच्या खिशावर चाललेल्या योजनांचे काय होते, ते आपण पाहिले आहे. १९९५ मध्ये युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे गाजावाजा करून काढली. पुढे सरकारचा हात आखडला, योजना गुंडाळली गेली आणि अनेक केंद्रांच्या जागी वडापाव आणि चायनीजच्या गाड्या आल्या. २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन थाळी आली. दोन पोळ्या, भाजी, वरण आणि भात असे ते ताट दहा रुपयांत मिळे आणि शहरात सरकार त्यावर चाळीस रुपये घालत असे. टाळेबंदीत त्या थाळीने खरोखरच माणसे जगवली, ते मी नाकारत नाही. पण अशा व्यवस्थेत अनुदान थकले की पहिली चूल केंद्रचालकाची विझते. आपले पंधरा रुपये आपल्या हातात असतात.

सांख्यिकी

पन्नास रुपयांच्या ताटात दहा रुपये जेवणाऱ्याचे असूनही ती योजना सरकारवरच अवलंबून राहिली, हे उदाहरण तर माझ्या बाजूचे झाले. तुमच्या पंधरा रुपयांनी स्वावलंबन येणार नाही. फक्त काही माणसे येईनाशी होतील. आणि जी येणार नाहीत, ती का आली नाहीत हे सांगायलाही येणार नाहीत. तुमच्या वहीत तेवढी ताटे कमी दिसतील आणि वर्षअखेरीस ती बचत म्हणून मांडली जाईल.

पर्वतीपायथा

या शेवटच्या वाक्यावर मी दोन दिवस विचार केला, कारण ती वही माझ्याच हातची आहे आणि तसे मी खरोखर मांडले असते.

काल मी प्रथमच तिथे जेवलो. पंगतीत बसल्यावर शेजारच्या आजोबांनी मला मीठ पुढे केले आणि म्हणाले, “रोज लागतं.” सहा वर्षे आम्ही अळणी वाढत होतो.

ठरावाचा मसुदा मी बदलला आहे. ठरावीक शुल्क काढून टाकले. जेवण सध्या कॅटररकडूनच येते. ते येत्या तिमाहीपासून बंद करून वस्तीतल्या सहा बायांना रोजावर स्वयंपाक द्यावा, असा पहिला भाग आहे. दाराशी बंद पेटी ठेवावी, ज्याला जे द्यायचे ते त्याने कोणाच्या नजरेसमोर न येता टाकावे आणि कोणी किती टाकले याची नोंद ठेवू नये, असा दुसरा. विश्वस्तांपैकी एकाने रोज पंगतीत जेवावे, हा तिसरा भाग माझ्या सहकाऱ्यांना सर्वांत जड जाईल असे दिसते. भवानीपेठकरांना हे अर्धवट वाटेल आणि शुल्कामागचा त्यांचा विचार मला अजूनही चुकीचा वाटत नाही. पण साठ रुपयांचा हिशेब मागितला जाणाऱ्या त्या बाईला मी उत्तर देऊ शकत नाही.

दाखलेवाली ताई

पेटीची किल्ली कोणाकडे राहणार?

पर्वतीपायथा

मसुद्यात ‘खजिनदाराकडे’ असे लिहिले होते. आता ते खोडून स्वयंपाक करणाऱ्या बायांपैकी दोघींकडे एकेक आणि दोन्ही किल्ल्या लागल्याशिवाय कुलूप उघडणार नाही, असे केले आहे. तसे कुलूप तुळशीबागेजवळच्या एका दुकानात मिळते, उद्या आणतो.